मुरवंड्याची वाळू

९ फेब्रुवारी, सोमवार

फोन आला. अनोळखी नंबर. मला वाटलं, कुरिअर.

"शैलावहिनी ना? मुरवंड्याहून बोलतोय. हितचिंतक समजा." आवाज इतका गोड की मीच म्हटलं, बोला ना! म्हणाला, "वाळूचं काही खरं नसतं हो, वहिनी. वरून घट्ट दिसते, पाय टाकला की आत. साहेब रोज संध्याकाळी किनाऱ्यावर एकटेच फिरतात, म्हणून म्हटलं. काळजी वाटते." आणि ठेवलासुद्धा.

काउंटरवर रांग लागलेली. मी एका आजोबांना दुसऱ्याच कुणाचं पासबुक दिलं. ते म्हणाले, "मॅडम, आमचं पेन्शन आहे, प्रसाद नव्हे. बघून वाटा." मी सॉरीसुद्धा म्हटलं नाही बहुतेक.

अभयला कळवलं. हसला. "अगं, नगरपंचायतीचा मुख्याधिकारी म्हणजे गावचा जावई. पहिल्या दिवशी हार, नंतर वर्षभर शिव्या. तू मनावर घेऊ नकोस." मनावर घेऊ नकोस! मन काय शबनम पिशवी आहे, काढून खुंटीला अडकवायला?

१० फेब्रुवारी, मंगळवार

फोन नाही. पण दिवसभर फोनकडेच बघत होते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बायडाबाई बँकेत डोकावल्या. मार्केट यार्डाच्या गेटाबाहेर त्यांचा भाजीचा गाळा आहे. त्यांची दीपाली मुरवंड्यालाच अभयच्या हाताखाली इंजिनिअर म्हणून लागली, तेव्हापासून या माझ्या अगदी घरच्या झाल्यात. दीपाली सुट्टीला आली की अभयची धुण्याची बॅग घेऊन येते आणि जाताना माझ्या चकल्या घेऊन जाते. बायडाबाई मला शेपू देतात आणि पैसे घेत नाहीत.

"ताई, सायेब बरं हायेत न्हवं? पोरगी म्हनत व्हती, तितं लई ताण हाय."

म्हटलं, बरे आहेत. फोनचं नाही सांगितलं. कशाला त्या माउलीच्या जिवाला घोर? त्यांची पोर तर साधी इंजिनिअर. तिला कोण काय करणार आहे?

१४ फेब्रुवारी, शनिवार

अभय आला. किती वाळलाय! बाबांनी लेकाला बघताक्षणी विचारलं, "नगरपंचायतीत जेवायला देत नाहीत का?"

मी कणीक मळायला घेतली होती. बाबा म्हणाले, भानगड काय आहे ते नीट सांग. तर या पठ्ठ्याने माझी परातच ओढून घेतली. एका बाजूला पाणी ओतलं — हा समुद्र. मध्ये पिठाचा बांध — ही वाळूची टेकडी. तिच्यामागे बोटाने खळगा केला, आणि त्याच्यामागे चार शेंगदाणे ठेवले. हे गाव.

तर गोष्ट अशी. मुरवंड्याचा कचरा आज खाडीच्या तोंडाशी जाळतात. धुराने पोरं खोकतात, त्यात दर शनिवार-रविवारी पर्यटकांचा कचरा वेगळाच. काहीतरी करायलाच हवं, हे अभयलाही मान्य. नव्या नगरसेवकांनी तोडगा काढलाय — टेकडी कापून तिथे पार्किंग करायचं, मागच्या खळग्यात कचरा लोटायचा, आणि कापलेली वाळू त्याच्यावर ओढून घ्यायची. कचराही गेला, गाड्याही लागल्या!

"आणि समुद्र?" बाबा.

"समुद्राला कुणी विचारलेलं नाही."

दक्षिणेच्या टोकाला एका रिसॉर्टसाठी टेकडी थोडी कापली होती. तिथल्या वाडीच्या विहिरी गेल्या पावसाळ्यानंतर खारट झाल्या. आता सगळीच कापली तर? त्याने परात जराशी कलती केली. पाणी बांध फोडून शेंगदाण्यांपर्यंत आलं. कचऱ्यासाठी वर सड्यावर, गावामागच्या कातळपठारावर, सरकारी जागा आहे, पण तिच्यावर नगराध्यक्षांच्या मेव्हण्याचा डोळा आहे. चोवीस तारखेला सभा. अभय उलट अभिप्राय देणार, आणि त्यातूनही ठराव झालाच तर तो रोखायला कलेक्टरकडे पाठवणार.

म्हटलं, अरे, लिही ना — तज्ज्ञ समिती नेमावी. सगळे तेच लिहितात! तर म्हणे, "समितीचा चहा होईपर्यंत टेकडी राहील का?"

बाबांचा चेहरा असा फुलला होता, जणू मुलाला आजच नोकरी लागली! चिखल झालेली ती कणीक मी टाकून दिली आणि भात लावला.

१५ फेब्रुवारी, रविवार

दिवाळीत आम्ही सगळे तिकडे गेलो होतो, ते आठवतंय. टेकडीवर जांभळ्या फुलांची वेल पसरलेली. अक्षताने फोटोसाठी एक लांबलचक वेल ओढली, तर मासे वाळवणाऱ्या एक बाई — द्वारका नाव त्यांचं — अशा अंगावर आल्या! मर्यादवेल आहे ती, म्हणाल्या. हिने वाळू धरून ठेवलीय, तू उपटतेस कशी? अक्षताला ती वेल परत वाळूत खोचायला लावली, वर ओंजळीने पाणी घालायला लावलं. त्या वाडीत नव्या सुनेलाही म्हणे पहिल्या पावसाळ्याआधी टेकडीवर एक वेल लावावी लागते, मग ती घरची झाली. आम्ही मायलेकी हसलो होतो.

आज अभय निघाला तेव्हा बसपर्यंत सोडायला गेले. म्हटलं, संध्याकाळी फिरायला जाऊ नकोस. "बरं," म्हणाला. जाणार आहे. मला ठाऊक आहे तो जाणार आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

परत फोन!!

तोच आवाज, तीच साखर. "वहिनी, अक्षताची स्कूटी पांढरी ना? मागचा लाल दिवा लागत नाही तिचा. पोरीची जात, रस्त्यात कुणी मागून ठोकलं तर? बघून घ्या हो."

अक्षता घरी आल्यावर चावी घेऊन खाली पार्किंगमध्ये गेले. गाडी सुरू केली, ब्रेक दाबला, मागे भिंतीवर बघितलं. नाही लागला. खरंच नाही लागला!

आम्हाला माहीत नव्हतं. अक्षतालाही माहीत नव्हतं. म्हणजे कुणीतरी तिच्या मागून चाललं होतं. इथे, येरवड्यात!

अक्षता म्हणते, "मम्मी, चिल. कुणीतरी प्रँक करतंय." मी ओरडले. गाडी बंद, आता रिक्षा. ती रुसून बसली. बसू दे. बसलेली बरी.

१८ फेब्रुवारी, बुधवार

बाबांना घेऊन चौकीत गेले. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "शिवी दिली का?" नाही. "मारीन, तोडीन?" नाही. "पैसे मागितले?" नाही. "म्हणजे दिवा बंद आहे म्हणाला. आणि तो बंद होता." हो. "बाई, काळजी घेतल्याचा गुन्हा कोणत्या कलमाखाली नोंदवू? अर्ज देऊन ठेवा."

अर्ज दिला. बाबा बाहेर आल्यावर म्हणाले, "निदान दिवा तरी बदलून घे."

अभयला सांगितलं. दिव्याचं त्याने दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "अक्षताला थोडे दिवस तुझ्या ताईकडे पाठव." म्हणजे घाबरला! मला बरं वाटलं. म्हटलं, मग सोड ना तो अभिप्राय. तर म्हणे, "शैला, त्या वाडीतली माणसं रोज ऑफिसच्या पायरीवर येऊन बसतात गं. मी काय तोंडाने आत जाऊ?"

माझ्या तोंडाचं काय? मी कुठल्या पायरीवर बसू?

२० फेब्रुवारी, शुक्रवार

जेवण जात नाही. दारावर बेल वाजली की दचकते. गॅसवाल्याला साखळी लावून आतूनच विचारलं, कुणी पाठवलं तुम्हाला? तो म्हणाला, "तुम्हीच नंबर लावला होता, मॅडम."

एक युक्ती सुचली आहे. त्यात नवीन काही नाही, सरकारी खात्यात सगळे तेच करतात. अडचणीची सभा आली की साहेबांच्या घरी कुणीतरी आजारी पडतं. साहेब रजेवर, चार्ज खालच्याकडे. जे व्हायचं ते होतं आणि साहेबांची सही कुठेच नसते. आमच्या बँकेत नाही का, ऑडिट लागलं की मॅनेजरच्या सासूबाई नेमाने घसरून पडतात!

अभय माझ्या सांगण्याने रजा घेणार नाही. पण बाबांसाठी घेईल.

२१ फेब्रुवारी, शनिवार

बाबांना विचारलं. पोस्टात उभी हयात गेली त्यांची. म्हणाले, "बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून तू मला खोटं आजारपण घ्यायला सांगतेस? मी नोकरीत एकदाही खोटी रजा टाकली नाही."

मला रडू फुटलं. सुनेने सासऱ्यासमोर असं रडू नये, पण फुटलं. म्हटलं, बाबा, तुमचा मुलगा वाळूत पुरलेला सापडला तर मी फोटोला काय सांगू?

ते उठले, आत गेले. थोड्या वेळाने पाहिलं तर पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, "कर फोन. छातीत दुखतंय म्हण. ते खोटं नाही."

२२ फेब्रुवारी, रविवार

फोन केला. बाबांच्या छातीत दुखतंय, डॉक्टरांनी हलू नका म्हणून सांगितलंय, तू ये.

एका वाक्यात "येतो" म्हणाला.

२३ फेब्रुवारी, सोमवार

अभय आला. घरात आहे! माझ्या डोळ्यांसमोर आहे, टॉवेल खुर्चीवर टाकून आंघोळीला गेलाय आणि मी आज त्यावरून ओरडलेसुद्धा नाही.

बाबांजवळ बसला, हात हातात घेतला. बाबांनी डोळे मिटून घेतले. डॉक्टरांचा कागद त्याने मागितला नाही. मीही बोलले नाही. चार्ज कुणाकडे, असं विचारलं तर म्हणाला, "दीपालीकडे. दुसरं आहे कोण?"

दीपालीकडे. बरं. ती नवीन आहे. समोर येईल त्यावर सही करेल आणि सुटेल. नव्या पोरीला कोण दोष देणार?

बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज सभा. अभयने फोन पालथा घालून ठेवलाय. पेपर वाचतोय. पान काही उलटत नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

दीपालीने सही केली नाही!

म्हणजे केली, पण भलतीकडे. अभयने लिहून ठेवलेला अभिप्राय तिने सभेत उभं राहून शब्दन् शब्द वाचला, आणि खाली स्वतःची सही ठोकली. गोंधळ झाला, कुणी माईक ओढला. नगराध्यक्ष म्हणाले, बाळ, तुला काय कळतं कचऱ्यातलं? तर ही म्हणे, "आमचं गाव पुण्याच्या कचरा डेपोला लागून आहे. आमच्या विहिरीला येणारं पाणी तुम्ही पायसुद्धा धुवायला घेणार नाही." ठराव लटकला.

अभयला हे फोनवरून कळलं. त्याने फोन ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी म्हटलं, चांगलं झालं ना? टेकडी वाचली, तूही वाचलास. बाबा उठून बसले होते. पांघरुणाची घडी करून पायाशी ठेवली होती. माझ्याशी ते आज बोललेले नाहीत.

मी काय वाईट केलं? मी माझं माणूस घरी आणलं. कुठल्याही बाईने हेच केलं असतं. हेच केलं असतं ना?

२६ फेब्रुवारी, गुरुवार

बायडाबाई सकाळीच घरी आल्या. गाळा न लावता. हातात शेपूची जुडी, ती द्यायचंही भान नव्हतं. दारातच उभ्या.

"ताई, येक फोन आला. कोन हुता म्हाईत न्हाई, पन लई गोड बोलला. म्हनला, वाळूचं काय खरं नसतं. वरनं घट्ट दिसती, पाय टाकला की आत. पोरीला सांगा, म्हनला. ताई, ह्याचा अर्थ काय हो? तुमी शिकलेल्या."

त्यांना आत बसवलं. पाणी दिलं. अभय पेपर घेऊन बसला होता. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, बाबांना काही झालेलं नव्हतं. मी खोटं बोलले.

त्याने वर बघितलं नाही.

"माहीत होतं मला," म्हणाला. "तुझा फोन आला तेव्हाच."