मैदानाच्या उताऱ्यावरचं नाव

९ जानेवारी १९८४, सोमवार
मुख्याध्यापिका सिस्टर अगाथांनी सकाळीच ऑफिसात बोलावलं. नवी इमारत नक्की. बोईसरच्या कारखान्यांतल्या कामगारांची मुलं इतकी वाढलीत की आठवी-ब चॅपलच्या पडवीत बसते. जुन्या दगडी इमारतीवर मजला चढवता येणार नाही, इंजिनिअरने स्पष्ट सांगितलं. तेव्हा मैदानावर बांधायचं. त्यासाठी मैदानाचा सातबारा हवा. "सावे, बुधवारी तलाठ्याकडे जाऊन या."
मैदान जाणार, वाईट वाटलं. मी ह्याच शाळेत शिकलो, ह्याच मैदानावर गुडघे फोडून घेतले. आता एकोणीस वर्षं इथेच क्लार्क. पण मुलं बसणार कुठे?

११ जाने., बुध
दोन उतारे मिळाले. इमारतीचा ठीक, संस्थेच्या नावे. मैदानाचा वेगळा गट. कब्जेदार : रघ्या जान्या वरठा.
तलाठ्याला म्हटलं, चुकीचा उतारा दिलात. त्याने गावनकाशा पसरला, बोट ठेवलं. चॅपल, विहीर, मैदान. चूक नाही.
एसटीत बसल्यावर डोक्यात लख्ख झालं. हे नाव मी दर महिन्याला मस्टरवर लिहितो. लखमी रघ्या वरठा, झाडूवाली. नवरा लवकर गेला, ती बापाकडे परत आली, म्हणून बापाचंच नाव लागलेलं.
एक थांबा पुढे गेलो. चालत परत आलो.

१२ जाने., गुरु
सिस्टरना उतारा दाखवला. दोनदा वाचला. चष्मा पुसून पुन्हा.
"आपली लखमी?"
"हो."
"कुणाला बोललात?"
"नाही."
"सध्या नको, सावे."
तेवढ्यात लखमीच केराची बादली घ्यायला आत आली. मी उताऱ्यावर वही ठेवली. कशासाठी? तिला कुठे वाचता येतं.
ती गेल्यावर आठवलं. गेल्या पावसाळ्याआधी हीच बाई ह्याच टेबलापाशी उभी राहून विचारत होती, "शिस्टर, कुंपणाच्या कोनात येक झोपडी बांदू का? आमची जागा मालक सोडा म्हनतो." सिस्टरनी संस्थेच्या मॅनेजर फादरना विचारलं. नकाराचं पत्र आलं. ते तिला वाचून दाखवलं मी.

१६ जाने., सोम
दोन दिवस जुनी कपाटं उपसली. वाळवीने अर्धं खाल्लंय. चॅपलमागच्या पेटीत कागद सापडला, पहिल्या फादरच्या वेळचा, शाईचा, खाली अंगठा. रघ्याने मैदान मुलांना खेळायला दिलं आहे. त्यावर बांधकाम करायचं नाही. जमिनीवर नाव त्याचंच राहील. बदल्यात त्याची मुलं ह्या शाळेत विनामूल्य शिकतील.
शेवटची ओळ पुन्हा वाचली.
लखमी चौदा-पंधराची असताना इथे झाडू मारायला लागली. वर्गाच्या बाहेरून. तीस वर्षं.
सिस्टरनी कागद वाचला आणि उठून चॅपलमध्ये गेल्या. जेवायच्या सुट्टीपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

१८ जाने., बुध
मॅनेजर फादर आले. आवाज शांत, बोलणं मुद्द्याचं. आदिवासीची जमीन, कलेक्टरच्या परवानगीशिवाय नावावर होणार नाही, ती परवानगी मिळणं कठीण. पण ताबा इतकी वर्षं आपला. तिची हरकत नाही असं एका कागदावर घ्या, पुढचं पुढे बघू. "सावे, मराठीत टाइप करा. सोपं ठेवा."
सिस्टर म्हणाल्या, "फादर, तिला आधी सगळं सांगायला हवं."
"सांगा की. पण आधी अंगठा."
मी ऐकत होतो.

१९ जाने., गुरु
टाइप केलं. चार ओळी. जेवण गेलं नाही. कुसुमला सगळं सांगितलं. तिने ताट उचललं, म्हणाली, "टाइप करताना हात नाही थांबला?"


२० जाने., शुक्र
नीट लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.
तिसऱ्या तासाला लखमीला बोलावलं. शाईचा पॅड टेबलावर. सिस्टर म्हणाल्या, वाचा. मी कागद हातात घेतला, एक ओळ वाचली. पुढे जाईना. कागद खाली ठेवून म्हटलं, "लखमी, मैदानाची जमीन तुझ्या बापाच्या नावावर आहे. म्हणजे तुझीच."
सिस्टरनी मला अडवलं नाही.
लखमी म्हणाली, "माला ठावं हाय."

"कधीपासून?" सिस्टरनी विचारलं.
"बा सांगायचा. पोरा खेळतीन, खेळू दे. जागा आपली हाय."
"मग बोलली का नाहीस?"
"इचारला कुनी?"
मी म्हटलं, "मग गेल्या साली झोपडीची परवानगी कशाला मागितलीस?"
ती माझ्याकडे बघत होती. राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.
"तुमाला याद हाय का नाय, ता बगत होते, सावेभाऊ."
मग पॅडकडे बघून, "अंगठा नाय देनार आज. पोराला इचारते." बादली उचलली आणि गेली. सहावीच्या वर्गाबाहेर झाडताना दिसली, रोजच्यासारखी.
सिस्टरनी शाईच्या पॅडचं झाकण लावलं. म्हणाल्या, "मी बावीस वर्षं इथे आहे, सावे. रोज तिला गुड मॉर्निंग म्हणते."

२३ जाने., सोम
प्रार्थनेच्या वेळी आख्खी शाळा मैदानात रांगेत, आणि कुंपणाच्या कोपऱ्यात लखमी आणि तिचा मुलगा शिनवार. कुंभवलीच्या कारखान्यात कंत्राटावर असतो, आज खाडा करून आला. चार बांबू रोवले. पहारीचा आवाज प्रार्थनेत मिसळत होता. मुलं माना वळवून बघत होती, शिक्षक माझ्याकडे.
फादरचा फोन. कुणीतरी कळवलं असणार. सिस्टर वर्गात आहेत म्हणून सांगितलं. त्या माझ्या शेजारीच उभ्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा फादरशी खोटं बोललो.
मग त्या मैदान ओलांडून कोपऱ्यात गेल्या. खिडकीतून दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. शिनवार हातवारे करत होता. लखमी दगडावर बसलेली. सिस्टर आधी उभ्या, नंतर त्याही बसल्या, पांढऱ्या झग्यासकट मातीत. आमच्यापैकी कुणी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं.
अर्ध्या तासाने आल्या. काय ठरलं, विचारायचं धाडस झालं नाही. पेटीतला जुना कागद मागून घेतला, बायबलमध्ये ठेवला.
"उद्या फादर येतील. वकील घेऊन येतील बहुतेक," म्हणाल्या. "तुम्ही रजा टाकू नका, सावे."