भूपेशमधला दीर्घ भू

४ मे
आज व्हिसा आला. आईचा आणि माझा. काजलताई मेलबर्नला असते, तिला डॉक्टरांनी जूनची बारा तारीख दिली आहे. पहिलेच बाळंतपण, तिथे करायला कोणी नाही. भाऊजींच्या आईचे गुडघे गेलेले. म्हणून आई जाणार. आईने आजवर एकटीने केलेला सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे आमचे नागपुरातले मनीषनगर ते रामटेक. इथे तर दिल्लीहून पुढे सलग बारा तास विमानात. ती घाबरेल. म्हणून मी सोबत.
बाबांनी विचारले, तू कधी बसला विमानात? मी म्हणालो, अनुभव नसला तरी अभ्यास आहे. बाबा म्हणाले, बारावीच्या टायमाले बी असाच म्हणला होता.
ही वही मी कोणालाही दाखवणार नाही.

६ मे
इंटरनेटवर लांबच्या विमानप्रवासाविषयी भरपूर सल्ले आहेत, पण सगळे अशुद्ध मराठीत. एका ठिकाणी 'पाणि पीत रहा' असे होते. ज्याला पाणी लिहिता येत नाही, त्याच्या सांगण्यावरून मी पाणी का प्यावे? म्हणून स्वतःच पुस्तिका तयार करायला घेतली. नाव : 'दीर्घ विमानप्रवासातील दक्षता'. पहिले सात नियम झाले. आतल्या वाटेजवळची जागा घ्यावी. दर तासाला घोटे दहा वेळा फिरवावेत. औषधे हातातल्या बॅगेत ठेवावीत. विमान उतरताना कान दडपले तर गोळी चघळावी. वगैरे.
आमच्या दुकानात, म्हणजे पंकजभाऊंच्या फ्लेक्सच्या दुकानात, मजकूर तपासायचे काम माझ्याकडे आहे. गेल्या तीन वर्षांत माझ्या हातून एकही 'हार्दीक शुभेच्छा' बाहेर गेलेले नाही. पंकजभाऊंना पुस्तिका दाखवली. ते म्हणाले, एवढं समजते तर विमान बी तूच चालव गा. बिचारे. दुकानाबाहेर कधी गेले नाहीत.

९ मे
आज तिकिटे झाली. ३१ मे, सकाळी नागपूर, दुपारी दिल्ली, दुसऱ्या दिवशी मेलबर्न. आईचे भाऊजींनी तिकडूनच काढले. माझेही काढणार होते, मी नाही म्हणालो. माणसाने निदान स्वतःचे तिकीट स्वतः काढावे.
फॉर्म भरताना एक जुना अन्याय दूर केला. शाळेतल्या बाबूने माझे नाव इंग्रजीत एका यूवर भागवले होते. तीच चूक मार्कशीटवर, आधारवर, पासपोर्टवर, आता व्हिसावर. भूपेशमधला भू दीर्घ आहे. एक यू म्हणजे ऱ्हस्व. हेडाऊमधला ऊसुद्धा दीर्घ, आणि डाला काना आहे. ईश्वरदासमधली ई तर इतकी दीर्घ, की तिला एका आयवर उभे करणे म्हणजे बाबांचा अपमान. मी तिथे डबल ई, इथे डबल ओ, तिकडे डबल ए असे सर्व नीट भरले.
शेवटी एका तरी अधिकृत कागदावर माझे नाव शुद्ध आले. प्रिंट काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली.

१२ मे
बसण्याचा सराव. विमानात बारा तास एका जागी बसावे लागते, त्याची सवय इथूनच हवी. कूलरसमोर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मध्ये हातभर जागा. आईला खिडकीकडे बसवले, मी वाटेकडे. पायांत घट्ट मोजे, कारण रक्ताभिसरण. पारा ४४.
सकाळी ९.०० : उड्डाण.
९.४० : आई उठली. कुकर लावायचा आहे म्हणाली. मी सांगितले, विमानात कुकर नसतो. ती म्हणाली, पण तुले बारा वाजता भूक तर लागन ना?
१०.१५ : दर अर्ध्या तासाला पाणी, या नियमामुळे चार वेळा बाथरूमला उठलो.
११.०५ : मोजांत घामोळे आले. तांत्रिक कारणामुळे विमान उतरवले.
एकंदरीत आईची तयारी कमी पडते आहे.

१५ मे
जेट लॅगवर उपाय सापडला. मेलबर्न आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे. शरीराला आधीपासून सवय लावावी, असे सर्व तज्ज्ञ सांगतात. काल घरातले भिंतीवरचे घड्याळ साडेचार तास पुढे केले. बाबांना सांगायचे राहिले.
बाबा बुटीबोरीला सूतगिरणीत दुपारपाळीला असतात. कंपनीची बस एकला येते. सकाळी साडेआठला घड्याळात एक वाजलेला पाहून ते चहा टाकून पळाले. चौकात दीड तास उन्हात उभे. घरी येऊन जे बोलले ते लिहीत नाही. एवढेच, की त्यात मेलबर्नचे घड्याळ आणि माझे डोके यांची तुलना होती. आई म्हणाली, काहून ओरडून राहिले लेकरावर, घड्याळाचा सेल गेला असन.
घड्याळ पूर्ववत. यापुढे जेट लॅगचा सराव मनातल्या मनात.

१८ मे
आईला प्रवास मानवतो का, हे आधीच पाहिलेले बरे, म्हणून रामटेकपर्यंत गाडीने नेले. पंकजभाऊंची व्हॅन, तेच चालवत होते. पुस्तिकेतील नियम २२ : मळमळ होऊ नये म्हणून लांबवर क्षितिजाकडे पाहावे. मी पाहत होतो. मनसरच्या अलीकडे क्षितिज डावीकडे वळले आणि त्याबरोबर माझे पोटही. गाडी दोनदा थांबवावी लागली.
आईने पदराने माझे कपाळ पुसले, लिंबू हुंगायला दिले. मग गड चढून रामाचे दर्शन घेऊन आली. मी आणि व्हॅन खाली सावलीत. पंकजभाऊ आईला म्हणाले, काकू, तुम्ही याले घरीच सोडून जासान तर बरं. आई म्हणाली, नको गा, त्याले वाईट वाटन.
निष्कर्ष : आईचे पोट मजबूत आहे. त्याविषयी आता चिंता नाही.

२३ मे
सामानावरून वाद. नियम ९ : कमी सामान, सुखी प्रवास. आईने काढलेले : डिंकाचे लाडू, खारका, बाळंतशोपा, सुंठ आणि जुनी हातमागाची लुगडी, बाळाला गुंडाळायला. आमच्या आजोबांनी मागावर विणलेली. धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झाली आहेत. मी म्हणालो, तिथे दुकानात सगळे मिळते. आई म्हणाली, दुकानातलं नवं असते रे. नवं टोचते.
यावर नियम नव्हता. लुगडी ठेवली. त्यासाठी माझा मानेचा हवा भरायचा तक्का सोडून बाकी सगळे बॅगेतून काढावे लागले.

२७ मे
पुस्तिका पूर्ण. ४१ नियम, ३२ पाने, एकही चूक नाही. दुकानातच छापून स्पायरल केली. आईला वाचून दाखवली. बाविसाव्या नियमाला तिला झोप लागली. म्हणजे विमानातही लागेल, चांगले लक्षण.
नियम ४१ माझ्या स्वतःच्या विचारातला आहे : सर्व कागद, चष्मा, औषधे आणि फोन नंबर एकाच जबाबदार व्यक्तीजवळ असावेत. आईचे सर्व माझ्या बॅगेत भरले.

३० मे
काजलताईचा फोन. पायांना सूज आहे, डॉक्टर म्हणतात लवकरही होऊ शकते. आई किती वाजता पोचते, हे तिने तीनदा विचारले. आवाज बारीक झाला होता. मी म्हणालो, ताई, तू काहीच काळजी करू नकोस, आईला मी घेऊन येतोय.
आई ऐकून हसली. का, कळले नाही.

३१ मे
सकाळी ६.१० : विमानतळावर तीन तास आधी. बाबा आणि पंकजभाऊ पोचवायला. मी मोजे घालून, मानेला तक्का लावून तयार. आत्मविश्वास उत्तम.

त्याच दिवशी, दुपारी, घरी
जसे घडले तसे लिहितो.
दरवाजावरच्या जवानाने मी पुढे केलेले आईचे तिकीट आणि पासपोर्ट पाहिले आणि तिला आत सोडले. माझे पाहिले. परत पाहिले. म्हणाला, भाईसाब, ये टिकट किसका है? मी म्हणालो, माझे. तो म्हणाला, इसमें तो कोई और है. मी त्याला ऱ्हस्व-दीर्घ समजावून सांगितले. मागे रांग वाढली. त्याने मला बाजूला उभे केले आणि विमान कंपनीच्या मुलीला बोलावले. तिने अक्षरे मोजली. एखाद-दुसऱ्या अक्षराचा फरक असता तर इथेच दुरुस्त केले असते म्हणाली. माझ्या तिन्ही नावांत मिळून सात होती. पासपोर्टमधले नाव चुकीचे आहे, असे मी सांगितले. तिने अतिशय सभ्यपणे विचारले, मग तुमचा पासपोर्ट खोटा आहे का?
मी पासपोर्ट खिशात ठेवला. मला वाटते तेच योग्य होते.
आई काचेच्या आतून पाहत होती. ती बाहेर आली. मी म्हणालो, आई, थांब, आपण पुढच्या आठवड्यात दोघेही जाऊ, मी सगळे नीट करून घेतो. बाबाही म्हणाले, अवं, एकटी कशी जाशीन?
आई म्हणाली, काजलचं पोट काय तुह्या स्पेलिंगसाठी थांबून राहीन का गा?
मग तिने माझ्या बॅगेतून तिचा पासपोर्ट, तिकीट, औषधाची पिशवी आणि काजलताईचा नंबर लिहिलेली चिठ्ठी काढून घेतली. बॅगेत हे शोधायला तिला अर्धे मिनिट लागले, मी उघडली असती तर दहा लागली असती, कारण कप्पे मी लावले होते. माझ्या तोंडावरून हात फिरवला. भात कुकरमध्ये हाय, दोघं बी जेवून घ्या, म्हणाली. आणि लुगड्यांची ट्रॉली ढकलत आत गेली. मागे वळून पाहिले नाही. नियमानुसार वळून पाहायचे नसतेच, पण तिने तो नियम वाचलेला नव्हता.
पुस्तिका माझ्याच बॅगेत राहिली. चष्माही.
परतताना व्हॅनमध्ये, वर्धा रोडवर पंकजभाऊ म्हणाले, मानेचं तरी काढ आता.

त्याच दिवशी, संध्याकाळी
दिल्लीहून कोणा बाईच्या फोनवरून आईचा फोन आला होता. आई सापडली आहे. म्हणजे हरवली नव्हती. अमृतसरची कोणी बाई आहे, तिचीही मुलगी तिकडेच. दोघी शेजारी बसणार आहेत. मी ओरडून सांगितले, दर तासाला घोटे फिरव. आई म्हणाली, हो रे, विमान लागलं, ठेवतो.
मोबाइलवर विमान दिसते. एवढेसे, पिवळे. मी कूलरसमोर खुर्ची टाकली आहे. आई बसली आहे तोवर मीही बसणार. दर तासाला घोटे फिरवतो आहे. ते फिरवणे तिच्यापर्यंत पोचत नाही, हे मला कळते.

१ जून, सकाळी
पूर्ण बारा तास दहा मिनिटे बसलो. मध्ये फक्त तीनदा उठलो. बाबा दोनदा येऊन गेले. पहिल्यांदा म्हणाले, झोप आता. दुसऱ्यांदा शेजारच्या खुर्चीवर बसले आणि विचारले, कुठं आलं?
आई पोचली. भाऊजींनी फोटो पाठवला. तिकडे आता थंडी आहे, आईच्या अंगावर अमृतसरच्या बाईचा स्वेटर आहे. सामान तपासणाऱ्याने लाडवांविषयी विचारले तेव्हा आईने डबा उघडून समोर धरला आणि म्हणे, पोरीसाठी हायेत, खा एक. त्याने खाल्ला नाही, पण हसला. लाडू ठेवून घेतले की जाऊ दिले, हे नीट कळले नाही.
माझे पाय सुजले आहेत.

५ जून
काल काजलताईला मुलगी झाली. बारा तारीख होती, आठ दिवस आधीच. आई तिथे होती. मी सांगितल्याप्रमाणे आम्ही थांबलो असतो तर आई आज इथे, कुकरजवळ असती. हा विचार फार वेळ करायचा नाही असे ठरवले आहे. दुपारपासून चारदा ठरवले.
बाळाचा फोटो आला. आजोबांच्या लुगड्यात गुंडाळलेली. फक्त नाक दिसते.
बाबांनी अख्ख्या सूतगिरणीत पेढे वाटले. पंकजभाऊंनी अभिनंदनाचा फ्लेक्स फुकट करून देतो म्हटले. मजकूर मी लिहिला. पंकजभाऊ मला न विचारता दुसऱ्या कोणाकडून तपासून घेत होते. गंमत म्हणून असेल.

९ जून
आज व्हिडिओ कॉल. पुढच्या वेळी अडचण नको, म्हणून आईला तिचे अनुभव विचारून पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढायचे ठरवले होते. वही-पेन घेऊन बसलो. विचारले, दिल्लीत गेट कसे सापडले? म्हणाली, विचारलं. मेलबर्नला फॉर्म कसा भरला? म्हणाली, एका पोरीले विचारलं. भाषा? म्हणाली, पोरीचं बाळंतपण म्हटलं का सगळ्याईले समजते. दुसरी आवृत्ती फार लहान होणार असे दिसते.
मग मी तिला सांगितले, की मी नाव दुरुस्त करून नवे तिकीट काढतो आणि पुढच्या महिन्यात तुला आणायला येतो. परतीचा प्रवास एकटीने करणे धोक्याचे आहे. आई म्हणाली, फोन तुह्या बाबाले दे.
बाबांनी फोन घेतला आणि अंगणात गेले. पण स्पीकर चालूच होता. आई सांगत होती, त्याले काहीतरी सांगून थांबवा हो. त्या दिवशी गेटवर त्याले अडवलं तेव्हा मले सुटल्यासारखं झालं होतं. इथं एक लेकरू सांभाळता सांभाळता जीव जाऊन राहिला, दोन कशी सांभाळली असती मी?
दोन म्हणजे, काजलताईला जुळी झाली असती तर, असे तिला म्हणायचे असावे. आवाज मध्येमध्ये तुटत होता.