आरतीची वेळ

कोल्हापूर, सोमवार

आदर्शच्या आण्णांस, पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी बरी आहे, गुडघाही कमी दुखतोय. म्हैस दूध देते का ते कळवा. इथलं विकतचं दूध म्हणजे नुसतं पाणी.

फोनवर सांगायला तोंड नाही, म्हणून लिहिते. काल आपल्या सुनेची, क्रांतीची, घरातूनच कॉम्प्युटरवर तोंडी परीक्षा होती. इंग्रजीच्या शिक्षकांचा तो वरचा कोर्स, ज्यासाठी शाळा सांभाळून ती वर्षभर राबतेय. सकाळी म्हणाली, "आई, आज आरती तासभर उशिरा कराल?"

मी म्हणाले, "देव कुणासाठी थांबत न्हाय. आणि बाई हायस की तू शाळंत, अजून काय शिकायचं ऱ्हायलंय?"

मग वेळेवर घंटा वाजवली. खरं सांगते, रोजच्यापेक्षा जोरात. चांगभलंही मोठ्यानं म्हणाले.

आतलं बोलणं थांबलं. वाटलं, आता ही भांडणार. तर बाहेर येऊन तिनं गुमान आरती घेतली.

नंतर आदर्शला विचारलं, परीक्षा घेणाऱ्या साहेबांना इंग्रजीत काय सांगितलं तिनं? म्हणाला, "'आमच्या आईंची पूजेची वेळ आहे, चूक माझीच,' असं म्हणाली."

परीक्षा अर्धीच राहिली. उरलेली येत्या रविवारी. त्या दिवशी मी आरती पहाटेच उरकणार, घंटेशिवाय. पण 'चुकलं' म्हणायला अजून जीभ उचलत नाही.

जोतिबाला जाल तेव्हा नारळ एकच घ्या, तिच्या नावाचा. माझ्या नावाचा यावेळी नको.

तुमची,
आदर्शची आई