रडून गेलेले डोळे

२ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

सहा महिन्यांत तुझं पत्र नाही, म्हणजे सगळं ठीक असणार. ताई तुला अडचणीतच आठवते. असो. आमच्या कारखान्यात सगळ्यांचे डोळे तपासले. शर्टांच्या कॉलरी शिवून शिवून चष्म्याचा नंबर वाढला असेल, एवढंच मला वाटलं होतं. पण डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला बसवलं आणि डोळ्यांतला दाब पुन्हा पुन्हा मोजला. काचबिंदू आहे म्हणाल्या. सुरुवात आहे, रोज थेंब घातले तर नजर टिकेल. गेलेली मात्र परत येत नाही.

घरात कुणाला आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आई आंधळी आहे, पण ती रडून झाली. मी नवऱ्याचं घर सोडलं, आई वर्षभर रडली आणि तिचे डोळे गेले. पंधरा वर्षं तुम्ही मला ऐकवलंत तेच पोपटासारखं बोलले. त्या म्हणाल्या, "रडून कुणी आंधळं होत नाही." मग आईची पाळी कधी गेली ते विचारलं. सदतिसाव्या वर्षी पिशवीबरोबर अंडाशयंही काढली होती, ते मी सांगितलं. बायकांच्या अंगातलं ते हार्मोन डोळ्यांनाही थोडंफार सांभाळून असतं म्हणे. ते अवेळी गेलं की काचबिंदूचा धोका वाढतो. माझीही पाळी लवकरच गेली. शिवाय हा आजार रक्तातून उतरतो. तू बस चालवतोस, तेव्हा आधी डोळे तपासून ये. आणि आईला एवढं सांग, की तिचे डोळे मी घालवले नाहीत.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

१९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुझी पत्रं मी आईला मोठ्याने वाचून दाखवतो हे ठाऊक असून तिची पाळी आणि पिशवी कागदावर मांडलीस. लाज वाटायला हवी होती. मी मधेच थांबलो. पुढचं वाच म्हणून ती मागे लागली, तेव्हा हवापाण्याचं लिहिलंय म्हणून वेळ मारून नेली.

पंधरा वर्षांनी एक डॉक्टरीण गाठून स्वतःची सुटका करून घ्यायला निघालीस. आई रडायची तेव्हा तिच्या उशाशी मी होतो, तू नव्हतीस. आणि तुझ्याच म्हणण्याप्रमाणे हा पाळीचा, हार्मोनचा, म्हणजे बायकांचा आजार. मला कसली आलीय पाळी? समोरच्या गाडीचा नंबर मी लांबून वाचतो. दमा आहे तेवढा, तोही कंपाउंडरच्या पांढऱ्या गोळ्यांनी आटोक्यात आहे. तू तुझ्या डोळ्यांत थेंब घाल, आमच्या डोळ्यांत धूळ फेकू नकोस.

रागावलो तरी धाकटाच आहे, हे ध्यानात असू दे.
तुझा भाऊ

२७ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद, वि. वि.

आईच्या नजरेपेक्षा तुला तिच्या पाळीचीच लाज जास्त. बरं, मी आधी पाळीचं लिहिलं आणि रक्ताचं शेवटी, आणि तुला शेवटपर्यंत वाचायची सवय कधीच नव्हती. काचबिंदू पुरुषांनाही होतो रे. तू तिचा मुलगा आहेस एवढं पुरे आहे. समोरचा नंबर वाचता येतो याला काही अर्थ नाही, कारण आधी बाजूचं दिसेनासं होतं. ना दुखतं, ना खुपतं. आईच्या हातून टेबलाच्या कडेचा पेला सारखा लवंडायचा, आठवतं का? आपण तिला वेंधळी म्हणून हसायचो.

त्या गोळ्यांचंही मी विचारलं. दम्याच्या अशा गोळ्या बरेचदा स्टेरॉइडच्या असतात. तेही हार्मोनच्याच जातीतलं, पुरुषालाही लागू, आणि डोळ्यांतला दाब वाढवतं. एकदम बंद मात्र करू नकोस, ते जिवावर बेततं. धड डॉक्टरकडे जा. माझ्यावरचा आळ राहू दे हवा तर. पण तो खरा ठरवण्यासाठी स्वतःचे डोळे पणाला लावू नकोस.

रुसून का होईना, दोन ओळी पाठव.
ताई

८ सप्टेंबर

ती. ताईंना सा. न. वि. वि.

तुमच्या भावाने तुमचं मार्चमधलं दुसरं पत्र अर्धंच वाचलं आणि नंतरची दोन फोडलीही नाहीत. ती सगळी मी आता वाचली. मागच्या आठवड्यात गाडी आगाराबाहेर काढताना डाव्या बाजूचा सायकलवाला यांना दिसलाच नाही. तो थोडक्यात वाचला. मग आगाराने डोळे तपासून घेतले. डाव्या डोळ्याची बरीच नजर गेली आहे, उजव्यालाही सुरुवात आहे. स्टेअरिंग सुटलं. आता हे बस धुतात. गोळ्या स्टेरॉइडच्याच निघाल्या. डॉक्टर त्या हळूहळू कमी करणार आहेत.

तुम्ही काय काय कळवलं होतं ते त्या दिवशी मी आईंना सगळं सांगितलं. वाटलं, आता तरी तुमच्यावरचं बालंट जाईल. आई म्हणाल्या, "तिनेच लिहून लिहून ओढवून आणलं. आधी माझे नेले, आता त्याचे." यांनीही मान डोलावली. डॉक्टरांनी दिलेले थेंब घालून घेत नाहीत, ताईच्या तोंडून निघालेलं औषध नको म्हणतात. बाटली तशीच पडून आहे. तुमची भाची परवा विचारत होती, आत्याने काय केलं? तिला काय सांगू?

मला तरी परकी मानू नका.
तुमची वहिनी

१४ सप्टेंबर

चि. सौ. वहिनीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून खूप रडले. डोळे शाबूत आहेत.

रागही आला, अजून आहे. त्या घराने मला दाराबाहेर ठेवलं ते मी गिळलं. पण माझ्यावर राग म्हणून तो पोरगा स्वतः आंधळा व्हायला निघालाय, हे मला गिळवत नाही. म्हणून आता मी सांगते ते कर. आईला सांग, ताईने कबूल केलं. तिचे डोळे मीच रडवून घालवले आणि धाकट्याचे माझ्या जिभेने गेले. धाकट्याला सांग, ताईचं पाप उतरवायला डॉक्टरांनी हे थेंब दिलेत. माझ्या शब्दावर त्याचा विश्वास नाही, माझ्या पापावर नक्की बसेल. मला शिव्या देत घालू दे, पण रोज घालू दे.

भाचीचे डोळे तपासून आण. तिला मात्र खरं सांग.

लोभ माझ्यावर नसला तरी चालेल, थेंबांवर असू द्या.
ताई