धुऊ नकोस

३ मार्च

कॉन्व्हेंटच्या निवासी शाळेच्या भेटीच्या खोलीत एक काचेची टाकी होती. दोन सोनेरी मासे, एक प्लास्टिकचा किल्ला. रविवारी दुपारी बाबा भेटायला यायचे आणि त्यांना उशीर व्हायचाच. तोवर धाकटी आणि मी लाकडी बाकावर — गुडघ्यापर्यंत मोजे, घट्ट वेण्या, पाय हलवायचे नाहीत. एकदा मदर पाठमोऱ्या झाल्या आणि धाकटीनं खुशाल पाण्यात बोट घातलं! मासा आला, बोटाला तोंड लावून गेला. ‘ताई, गुदगुल्या!’ मी काय केलं? रुमाल काढला आणि तिचं बोट पुसलं. दोनदा. मी दहा वर्षांची, ती सात.

आज हे आठवलं ते टेम्पोमुळे. सकाळी टेम्पोवाल्यानं अडीच फुटांची टाकी दारात आणून ठेवली. सोबत पोतंभर खडी, एक ओंडका, हवेचा पंप, एका पिशवीत पाण्यात बुडालेली झाडं आणि दुसऱ्या पिशवीत पंपाला जोडायचा, चहाच्या चोथ्यासारखा काळपट, बुळबुळीत स्पंज. टाकीच्या काचा आतून हिरव्यागार. खडीत मेलेल्या गोगलगायींचे शंख. शी! बारा वर्षांत धाकटीनं मला फोन केला नाही — मीही केला नाही — आणि आता भेट काय, तर हे!

चिठ्ठी आहे. ‘ताई, मला आता जमत नाही. सहा मासे दुकानात ठेवलेत, ते देतील. झाडं लाव. स्पंज धुऊ नकोस.’ दुकानाचं कार्ड जोडलंय. ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. शेवटचा शब्द कागदाच्या कडेवरून निम्मा खाली पडलेला. शाळेत अक्षराचं बक्षीस हिला मिळायचं, मला नव्हे!

जमत नाही म्हणे. आळस. जन्माचा.

४ मार्च

धुतला. अर्थातच धुतला!

तेहतीस वर्षं ऑपरेशन थिएटर सांभाळलं मी. एक चिमटा माझ्या हाताखालून अस्वच्छ गेला नाही. मोठमोठे सर्जन माझ्यासमोर पुन्हा हात धुवायला परत फिरायचे. आणि मला ही सांगणार, धुऊ नकोस!

स्पंज आधी साबणाच्या पाण्यात, मग वीस मिनिटं उकळत्या पाण्यात. गटार निघालं नुसतं. पाचव्या पाण्याला खालून रंग आला — निळा. धाकटीला ठाऊक तरी असेल का की तिचा स्पंज निळा आहे? खडी उकळली, तीन पातेली. ओंडका मावेना, त्याच्यावर कढत पाणी ओतलं. काचा व्हिनेगरनं घासल्या. झाडं जंतुनाशकाच्या जांभळ्या पाण्यातून काढली, पान न् पान.

आता टाकी कशी दिसते! थिएटरमध्ये ठेवावी अशी.

५ मार्च

चिरंजीवांचा फोन. ‘बरं झालं आई, तुला विरंगुळा.’ विरंगुळा! जसं काही मी दिवसभर खिडकीत बसून माश्या मोजते. मागून सूनबाई — ‘आईंना म्हणावं, फोटो पाठवा.’ मग तिनंच मला सहा व्हिडिओ पाठवले. पाण्याखाली हिरवळ, टेकड्या, मागे बासरी. एक तरणा गृहस्थ हळव्या आवाजात सांगतो, टाकी म्हणजे ध्यान. त्याची नखं बघितली मी. ध्यान नंतर कर बाबा.

७ मार्च

झाडं लावली. एक गवतासारखं, लांब पात्यांचं. एक बुटकं, चिवट, जाड पानांचं. आणि एक नेच्यासारखं, ते पिशवीतच एका लाकडाच्या तुकड्याला दोऱ्यानं बांधलेलं होतं. बांधलेलं झाड! मुळं हवेत लोंबतायत! तिला साधं झाड लावणं ठाऊक नाही. मी दोरा कापला आणि हे नि ते बुटकं, दोन्ही खडीत नीट खोल पुरली. नळाचं पाणी भरलं. तळाचा प्रत्येक खडा मोजता येतो, इतकं निर्मळ.

१० मार्च

दुकानात गेले. बोळकांडीसारखं दुकान, दोन्ही बाजूंना छतापर्यंत टाक्या, अंधार, दमट वास. मालक साठीचा, चष्म्याला एका बाजूला दोरी, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. प्रश्न एक विचारावा तर व्याख्यान चालू! मी त्याचं नाव प्राध्यापक ठेवलंय.

‘टाकी नवी म्हणजे सहा आठवडे थांबायचं, बाई. पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी कच्चं असतं.’ कच्चं पाणी! मी म्हटलं, मी परिचारिका होते, मला पाणी शिकवू नका. तो हसला. ‘पण तुम्हाला काळजी नाही. बहिणीकडून स्पंज आलाय ना? जसा होता तसाच बसवलात?’

‘हो,’ म्हटलं.

का म्हटलं? पुढचं व्याख्यान टाळायला. दुसरं काही नाही.

‘मग आजच दोन न्या. तग धरतायत असं दिसलं की बाकीचे.’ धाकटीचे मासे दाखवले त्यानं. पाच बारके, अंगावर निळी रेघ, आणि एक तळाशी नाक खुपसत फिरणारा, मिशीवाला, कुरूप. निळ्या रेघेचे दोन आणले.

११ मार्च

सुंदर आहेत. एवढं म्हणायला हरकत नाही. वळतात तेव्हा रेघ पेटते.

१३ मार्च

दोघंही पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकतात. पाणी तर आरशासारखं!

१४ मार्च

दोन्ही गेले.

१६ मार्च

काल लिहिलं नाही. टाकी दुधाळ झाली आहे. मी पुरलेली दोन्ही झाडं बुडखाशी काळी पडलीत, वास येतो. आणि मी टाकीसमोर खुर्ची टाकून बसते. काच, आणि काचेपलीकडे काही करता न येणं.

आईचं लिहावं लागणारच होतं कधीतरी.

आईचे शेवटचे नऊ दिवस माझ्या घरी गेले. आतल्या खोलीचं मी थिएटर केलं होतं. आत येणाऱ्यानं कोपरापर्यंत हात धुवायचे, मास्क, हातमोजे. आईला कुणाचा हात नाही, रबर लागायचं. धाकटी आली ती सर्दी घेऊन. मी दार लावलं. ‘थांब बाहेर. नाक वाहायचं थांबलं की ये.’ ती तीन दिवस दाराबाहेर खुर्चीत बसली. आत आई विचारायची, ‘धाकटी आली का गं?’ मी म्हणायचे, उद्या येईल. खोटं नव्हतं ते. उद्या मी तिला आत घेणारच होते.

उद्या झालाच नाही. तिसऱ्या दुपारी आई गेली. दार उघडलं तेव्हा धाकटी उठली नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, ‘आई निर्जंतुक मेली. झालं समाधान?’

बारा वर्षं मी म्हणत आले, तिला शिस्त कळत नाही.

आज स्पंज हातात घेतला. निळा, हलका, रिकामा.

२२ मार्च

प्राध्यापकाकडे गेले. शाळेत कबुलीला जायचो तेव्हा निदान मध्ये पडदा असायचा. इथे माशांना चारा टाकणारा माणूस, ओल्या बाह्या, आणि समोर मी. सांगितलं. स्पंज उकळला. खडी उकळली. खोटं बोलले.

मला वाटलं व्याख्यान देईल. त्यानं चाऱ्याचा डबा बंद केला. मग म्हणाला, ‘नऊ वर्षांचा स्पंज होता तो, बाई.’

नंतर समजावलं, थोडक्यात. माशांची घाण पाण्यात विष होते. स्पंजात जंतू असतात, ते ती घाण खाऊन जगतात, म्हणून मासे जगतात. मळ म्हणजे तेच. ‘तुम्ही त्यांना उकळलंत.’

जन्मभर मी जंतू मारले. त्यात चांगलेही असतात हे मला माशांच्या दुकानात कळावं!

आता काय? ‘काही नाही. टाकीत चिमूटभर खाणं टाकायचं आणि कुजू द्यायचं.’ कुजू द्यायचं?! ‘कुजू द्यायचं. पुसायचं नाही. हात बांधून बसायचं.’

तुमच्या टाकीतला एखादा मळका स्पंज तरी द्या, असं म्हणायचं मनात आलं. जीभ चावली. माझ्यावर ही वेळ!

५ एप्रिल

काचेवर तपकिरी धूळ धरली आहे. बोटं शिवशिवतात. सूनबाई येऊन गेली. ‘आई, तुमच्या घरात हे?’ तिच्या चेहऱ्यावर आनंदच होता. सात वर्षं मी तिच्याकडून भांड्यांच्या कडा पुन्हा घासून घेतल्याचा सूड.

मी काच पुसली नाही. मीठ-साखरेचे डबे पुसले. सगळे. दोनदा.

१९ एप्रिल

त्या गवतासारख्या झाडाची सगळी पाती वितळून गेली होती. मी उपटून टाकणार होते. प्राध्यापक फोनवर म्हणाला, ‘जागा बदलली की ते रुसतं. मूळ आहे ना? मग गप्प बसा.’ गप्प बसा! मला!

आज मधोमध एक पातं. नखाएवढं. इतकं हिरवं की खोटं वाटतं.

नेच्यासारखं झाडही निम्मं कापून लाकडाच्या त्या तुकड्याला परत बांधलं, तिनं बांधलं होतं तसं. त्याला माती लागतच नाही म्हणे, पुरलं की गुदमरतं. तिनं बरोबर बांधलं होतं. मग काचा इतक्या हिरव्या का होऊ दिल्या? मेलेल्या गोगलगायी का उचलल्या नाहीत? ज्या बाईला झाडाचं एवढं कळतं तिला काच दिसत नाही?

२ मे

एक गोगलगाय निघाली! कुठून आली? खडी उकळली होती, झाडं जांभळ्या पाण्यातून काढली होती. तेहतीस वर्षांच्या अनुभवाला चुकवून आली, शिंगं रोखून काचेवर चालते आहे. तिचं नाव मेट्रन. धाकटी मला चिडवायची ते नाव, मला जड झालं होतं, तिला दिलं.

स्पंज पुन्हा तपकिरी होतोय. त्याच्याकडे पाहून मला बरं वाटलं, हे कुणाला सांगायची सोय नाही.

१० मे

बाटलीत पाणी घेऊन गेले. प्राध्यापकानं थेंब टाकले, रंग पाहिला. ‘पिकलं पाणी. न्या आता चौघं.’

मासे पिशवीत भरता भरता म्हणाला, ‘बहिणीला सांगा, मिशीवाला सुखरूप आहे. तो वर हवा प्यायला येतो तेव्हा टपकन आवाज होतो ना, त्या तासन्‌तास कान लावून बसायच्या म्हणे. बाकीचे दिसेनासे झाले, हा निदान ऐकू येतो, म्हणायच्या.’

दिसेनासे?

त्यानं वर पाहिलं. ‘सख्ख्या बहिणी ना तुम्ही? नजर जाऊ लागून दोन वर्षं होतील. एक डोळा आधीच गेला होता, आता दुसराही. तुम्हाला ठाऊक नाही?’

त्याच्या नजरेत जे होतं ते मला नीट ओळखता येतं. तीच नजर मी तेहतीस वर्षं लोकांवर रोखली.

घरी आले. चिठ्ठी काढली. चढलेल्या ओळी. कागदावरून पडलेला शब्द. शेवटची ओळ मात्र दाबून लिहिलेली, मागून बोटाला लागते.

आळस म्हणाले मी.

११ मे

फोन केला. सात वेळा वाजला.

‘कोण?’

‘मी.’

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग — ‘स्पंज धुतलास ना?’

‘धुतला.’

‘वाटलंच होतं!’ आणि हसली. सात वर्षांची हसायची तशी, नाकातून. मासे मेल्याचं सांगितलं. कोणते? निळ्या रेघेचे दोन. ‘मिशीवाला?’ आहे. ‘मग ठीक.’

तिला म्हटलं, माझ्याकडे ये राहायला. म्हणाली, ‘वेडी आहेस का? इथल्या भिंती माझ्या हाताला पाठ आहेत. तुझ्याकडे मी रोज कशावर तरी आपटेन आणि तू ते रोज पुसशील.’

मग मी येते, म्हटलं.

‘ये. पण दाराबाहेर थांबावं लागेल.’

सहन करायचं ठरवलंच होतं.

‘रागानं नाही गं, ताई. मला दार सापडायला वेळ लागतो.’

१४ मे

चिरंजीवांसाठी कागद करायचा आहे, आधी इथे कच्चा.

उद्या जाते. परत यायचं ठरलेलं नाही. घराची किल्ली तुझ्याकडे. स्टीलचे डबे, पातेली, चादरी सूनबाईला. कडा घासल्या नाहीत तरी चालतील, हे माझ्या अक्षरात लिहून ठेवते, तिला दाखवायला. माझं छातीवर लावायचं घड्याळही तिलाच, ते तिला आवडतं हे मी पाहिलं आहे. मास्क, हातमोजे, जंतुनाशकाच्या बाटल्या, आहेत तेवढ्या सगळ्या प्राध्यापकांना. त्यांच्या बाह्या मला पाहवत नाहीत. गवतासारख्या झाडाला तीन पिल्लं फुटली आहेत, त्यातलं एक त्यांनाच. टाकी आणि चार मासे तेच पोचवणार आहेत, धाकटीच्या पलंगाशी, तिचा हात पाण्यापर्यंत जाईल इतक्या उंचीवर. मेट्रनला विसरू नये.

स्पंज कुणाच्या हाती द्यायचा नाही. तो ओला, मळका, माझ्या मांडीवर येईल. रुमाल मी घेत नाही.