पडद्यावरचा रेज

सोमवार, ९ नोव्हेंबर १९५३

लागला एकदाचा! आमच्या रेजचा सिनेमा, कोपऱ्यावरच्या थिएटरात. मोठ्या सिनेमाच्या आधी दाखवतात ना, तो तासाभराचा, स्वस्तातला – खून, पोलीस, ओले रस्ते. रेज दरोडेखोरांची गाडी चालवतो. मुळात लॉरीवालाच तो. नटाला गाडी शिकवण्यापेक्षा हा परवडला त्यांना! शूटिंग संपलं आणि लगेच, गेल्या डिसेंबरच्या त्या कोळशाच्या धुराने पिवळ्या झालेल्या धुक्यात, छाती भरून गेला माझा पोरगा. मी रडले नाही. अजूनही नाही.

बेरिल, त्याची बायको, येत नाही म्हणते. "त्याचा आवाज कानात आहे माझ्या, आई. तेवढा पुरे."

मी सांगतेय ते सगळं लिही, सूनबाई, लिही. तुझंच बोलणं आहे. मला अक्षर येत असतं तर याहून वाईट लिहिलं असतं.

मंगळवार

जाऊन आले. रेज दिसला! तीच तिरकी टोपी, तेच कान – आमच्या घराण्यातले, सुपाएवढे. शेजारची मिसेस पॉटर ओरडली, "अगं, तो बघ तुझा!" मग त्याने तोंड उघडलं. आतून कुणी साहेबच बोलला! "लवकर बसा, पोलीस आलेत" – जणू चहालाच बोलावतोय.

बाहेर पडताना थिएटरवाल्याला धरलं. म्हणाला, "आजी, रस्त्यावरचं शूटिंग. गोंगाटात बोलणं बुडतं. मग स्टुडिओत पुन्हा बोलून घेतात." पुन्हा बोलायला माझा होता कुठे? दुसऱ्याचा आवाज चिकटवला.

मिसेस पॉटर म्हणते, "मेल्यावर सुधारला गं तुझा लेक!" हसले मी. आत काही हललं नाही.

बुधवार

पुन्हा गेले.

गुरुवार

एकदा तिकीट काढलं की दिवसभर बसू देतात. मोठ्या सिनेमात झोपते, रेजच्या वेळी उठते. टॉर्चवाली पोरगी म्हणाली, "आजी, बिऱ्हाडच आणा ना इथे!" म्हटलं, "आणलं असतं, पण सून चुलीपासून हलत नाही."

बेरिलने चहा ओतता ओतता विचारलं, "कसा दिसतो?"

"भुकेला."

मान खाली घालून कप भरत राहिली. आताही मान खाली घालूनच लिहितेय.

शनिवार

शेवटचा दिवस. गाडी पुलाच्या कठड्यावर आपटते, रेज मरतो. इथे तरी चटकन मरतो. घरी खोकून खोकून गेला. सगळे खेळ बसून पाहिले. पाय सुजलेत. बाकी काही नाही.

रविवार

सिनेमा गेला. सकाळी टेबलाशी बसून त्याला आठवत होते. कामावरून आला की दारातूनच ओरडायचा, "म्हातारे, चहा टाक!" आला. ओरडला. त्या साहेबाच्या आवाजात.

परत बोलावला. परत तोच साहेब.

लिहू नकोस, बेरिल. तो कसा म्हणायचा ते म्हणून दाखव.