बिरोबाचा भंडारा

सोलापूर, ९ नोव्हेंबर १९३२

प्रिय मायाक्का,

हे पत्र दाजींकडून वाचून घे, शाळेच्या मास्तरांकडून नको. गावभर व्हायला नको. माझी प्रकृती ठीक आहे, तुझी भावजय केराही बरी आहे. पण अक्का, काल दुपारपासून माझं डोकं सुन्न झालं आहे. जेवायला बसतो आणि घास हातातच राहतो.

भवानी पेठेतले रुद्रप्पा विणकर तुला आठवतात का? गेल्या वर्षी तुला दिलेलं हिरवं लुगडं त्यांच्याच मागावरचं. मी पेठेत गस्तीला लागलो तेव्हा माझा पोलिसी डगला दिसला की बायका पोरांना आत ओढून दारं लावून घ्यायच्या. आधीच्या शिपायांनी फुकटात धोतरं नेली होती आणि वर शिव्या दिल्या होत्या. त्या दारांवर मी दोन वर्षं घालवली. कानडी आपल्या मैंदर्गीची होतीच, तेलुगू मोडकंतोडकं शिकलो. माझं तेलुगू ऐकून रुद्रप्पांची बायको नागम्मा पदर तोंडाला लावून हसायची. आधी पायरीवर पाणी मिळालं, मग ओसरीवर चटई. तुझ्या भावाला त्याचा केवढा तोरा होता म्हणून सांगू!

गेल्या आठवड्यात बाजारात दंगल झाली. चौकीवर दगड आले. माझ्या जोडीचा शिपाई निंगप्पा तिथं एकटाच होता, त्याचं डोकं फुटलं. अजून दवाखान्यात आहे. धरपकडीच्या भीतीनं पेठेतले पुरुष पांगले, रुद्रप्पाही सासुरवाडीला जाऊन बसले. फौजदार मला म्हणाले, तुझ्यावर लोकांचा विश्वास आहे, तू बोलाव त्यांना, नुसती नावं लिहून घेऊ आणि घरी सोडू. मी हुरळून गेलो. पेठेच्या चौकात उभा राहिलो, तू डबीत बांधून दिलेला बिरोबाचा भंडारा हातावर घेतला आणि शपथ घेतली, जो आपल्या पायानं चौकीत येईल तो दिवस मावळायच्या आत घरी जाईल. आपल्या धनगरांत भंडारा उचलला की पुढं बोलायचं काही राहत नाही, हे त्या लोकांनाही ठाऊक.

नागम्मा स्वतः माहेरी जाऊन नवऱ्याला घेऊन आली. काल दुपारी अकरा जण चौकीत आले, रुद्रप्पा तर धुतलेला सदरा घालून. फौजदारांनी नावं लिहून घेतली आणि अकराही जणांना कोठडीत घातलं. दंगल केली, शिपायाला मारलं, असा आरोप. मी शपथेचं बोललो तर हसले. म्हणाले, हळदीवर सरकार चालतं का रे, धनगरा? अक्का, माझ्याच तोंडानं बोलावलेली माणसं माझ्याच डोळ्यांसमोर आत गेली. बाहेर नागम्मा दिवस मावळेपर्यंत बसून होती. रडली नाही, मला शिव्याही दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली, मीच आणलं की वो त्यांना. तुमी भंडारा उचलला म्हनून आणलं, न्हायतर तितं बरे हुते की. आज पेठेत गेलो तर सगळी दारं बंद, भर सकाळी.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. दंगलीच्या वेळी रुद्रप्पा कुठं होते हे मला माहीत आहे, कारण मी त्यांच्याच ओसरीवर बसून पान खात होतो. माझी पाळी चौकीत होती. पाच मिनिटं म्हणून गेलो आणि गप्पांत तास घालवला. निंगप्पा एकटा सापडला तो माझ्यामुळं. हे मी कुणाला सांगितलं नाही, केरालाही नाही. आणि अक्का, रुद्रप्पांनी कोठडीतसुद्धा माझं नाव घेतलं नाही. मला सांभाळून घेतलं! हेच मला सहन होत नाही. उद्या मॅजिस्ट्रेटपुढं मी सगळं सांगणार आहे, शपथेचंही. नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही होईल. बाकीचे दहा जण सुटतील का, मला माहीत नाही. पोलीस लाइनीतली खोली सोडावी लागेल, म्हणून दाजींना लगेच पाठव, ते केराला घेऊन जातील. तिला पाचवा महिना आहे, जपा तिला. आता आधी दवाखान्यात जाऊन निंगप्पाला सांगतो, त्याची भीती मला मॅजिस्ट्रेटहून जास्त वाटते. गप्प बस, नोकरी सांभाळ, असं तू कळवशील हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच पत्र आज टाकतो आहे. तुझं उत्तर येईपर्यंत माझी साक्ष झालेली असेल.

तुझाच,
सिदू